लक्रे कसा ऐकावा: ख्रिस्ती हिप-हॉपमधल्या एका कारकिर्दीचा मागोवा घेण्याची रीत

लक्रे डिव्हॉन मूर या अमेरिकन रॅपरचे नाव कोणत्याही स्ट्रीमिंग सेवेवर शोधले, की सर्वाधिक ऐकली गेलेली गाणी आधी पुढे येतात, आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. एका गाण्यात बायबलमधला सिद्धांत मुद्देसूद मांडलेला असतो, दुसऱ्यात अमेरिकेला तिच्या वर्णभेदाचा जाब विचारलेला असतो, तिसऱ्यात एखाद्या पॉप गायिकेच्या आवाजात सांत्वनाचे धृपद येते. ही तिन्ही गाणी एकाच माणसाची असली तरी त्यांच्यामध्ये किती वर्षे गेली, काय घडले आणि समोरचा श्रोता कसा बदलत गेला, हे त्या यादीवरून कळत नाही. ख्रिस्ती हिप-हॉप हा प्रकार ज्यांना अगदी नवा आहे, किंवा चर्चच्या तरुणसंघात यातली दोन-चार गाणी कानावर पडली असली तरी पूर्ण कारकीर्द माहीत नाही, अशा वाचकांसाठी पुढची रीत सुचवीत आहे.

या रीतीचे सूत्र एकच आहे. कोणताही अल्बम सुरू करण्यापूर्वी, हा माणूस या वेळी कोणाशी बोलतो आहे, हे ठरवून घ्यावे. लक्रेच्या बाबतीत हा प्रश्न आवाज, ठेका किंवा यमक यांच्याही आधी विचारावा लागतो, कारण त्याने वीस वर्षांत श्रोता अनेकदा बदलला, आणि दर बदलाच्या वेळी आधीच्या श्रोत्यांपैकी काही जण त्याच्यावर रागावून निघून गेले. त्याच्या यशाचे आणि त्याच्यावरच्या टीकेचे कारण शोधू गेल्यास बहुतेक वेळा ते याच बदलांत सापडते.

ऐकण्यापूर्वीची तयारी

तयारी फारशी नाही, परंतु ती टाळू नये. गाण्याचे शब्द समोर ठेवावेत. अमेरिकन दक्षिणेकडचे उच्चार, बोलीतले शब्द आणि वेगाने येणारे संदर्भ नुसत्या कानांनी पकडणे इंग्रजी उत्तम येणाऱ्यालाही जड जाते, आणि रॅपमध्ये शब्द सुटला की गाणे हातातून गेलेच. जीनियससारख्या संकेतस्थळांवर शब्दांबरोबर ओळीवार टिपाही असतात. त्या टिपा हौशी वाचकांनी लिहिलेल्या असल्यामुळे त्यांचा आधार घ्यावा, पण त्यांनाच प्रमाण मानू नये.

दुसरे म्हणजे मराठी बायबल हाताशी असू द्यावे आणि त्यातील रोमकरांस पत्रातल्या दोन जागांवर खूण करून ठेवावी. पहिल्या अध्यायातील सोळाव्या वचनात सुवार्तेची लाज वाटत नसल्याची जी घोषणा आहे, तिच्यावरून लक्रे आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या गटाने ‘वन-वन-सिक्स’ हा आकडा नाव म्हणून घेतला. ट्रिप ली, टेडाशी, शो बराका, के.बी. आणि अँडी मिनिओ हे त्या गटातले ठळक कलावंत होते. आठव्या अध्यायातले अठ्ठाविसावे वचन, देवावर प्रेम करणाऱ्यांसाठी सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात असे सांगणारे, त्याच्या २०१७ च्या अल्बमच्या नावात उतरलेले आहे. तो अल्बम कोणत्या मनःस्थितीत आला हे कळल्यावर या वचनाचे वजन वेगळेच भासते. त्याविषयी पुढे येईलच.

शफल बंद करावे हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये.

साक्ष आणि चरित्र यांची गल्लत टाळावी

लक्रेचा जन्म ९ ऑक्टोबर १९७९ रोजी टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरात झाला. वडील व्यसनात गुरफटलेले आणि घरातून नाहीसे झालेले. आईने एकटीने वाढवले, आणि धार्मिक वृत्तीच्या आजीचा त्याच्या बालपणावर मोठा प्रभाव राहिला. घर एका शहरात टिकले नाही, त्यामुळे सॅन दिएगो, डेन्व्हर, डॅलस अशी ठिकाणे त्याच्या लहानपणात येऊन जातात. वडिलांच्या रिकाम्या जागी त्याने तुपाक शकूरसारख्या रॅपरांना बसवले, असे त्याने स्वतःच पुढे अनेकदा सांगितले आहे. अमली पदार्थ, चोरी, मारामाऱ्या हे सगळे किशोरवयात झाले. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी अटलांटा येथील एका ख्रिस्ती परिषदेत ऐकलेल्या प्रवचनाने तो हलला. तरीही जुने आयुष्य लगेच सुटले नाही. पुढे गाडी उलटून झालेल्या एका भीषण अपघातातून तो इजेविना बाहेर आला आणि त्यानंतर त्याने आपले जीवन खऱ्या अर्थाने देवाच्या स्वाधीन केले, अशी त्याची हकीकत आहे. नॉर्थ टेक्सास विद्यापीठाच्या काळात तो बालसुधारगृहात स्वयंसेवक म्हणून जाऊ लागला, आणि तिथल्या मुलांसमोर केलेल्या रॅपला मिळालेल्या प्रतिसादामुळे या वाटेने जाण्याचा विचार पक्का झाला.

ही माहिती वाचताना एक सावधगिरी बाळगावी. इव्हँजेलिकल, म्हणजे व्यक्तिगत परिवर्तनावर आणि सुवार्ताप्रसारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये ‘साक्ष’ सांगण्याची एक ठरलेली घडण असते: आधीचा अंधार, मग वळणाचा क्षण, आणि नंतरचा प्रकाश. लक्रेच्या सुरुवातीच्या मुलाखती व गाणी बहुतांशी या घडणीत बसतात. चरित्र मात्र एवढे सरळ नसते, आणि पुढील काळात त्याने ही घडण स्वतःच मोडली. लहानपणी झालेला लैंगिक अत्याचार आणि तरुणपणी मैत्रिणीला गर्भपातासाठी घेऊन गेल्याची गोष्ट त्याने २०१४ च्या अल्बममधील ‘गुड, बॅड, अग्ली’ या गाण्यात मांडली, म्हणजे पहिल्या अल्बमनंतर तब्बल दहा वर्षांनी. त्यामुळे कोणत्या वर्षी त्याने काय सांगितले, याबरोबरच काय सांगायचे तेव्हा बाकी होते, याची नोंद एका कागदावर करीत गेल्यास ऐकण्याला पुष्कळ खोली येते. २०१६ मध्ये आलेले त्याचे आत्मकथन आणि २०२० मधले दुसरे पुस्तक यांच्यात हाच फरक आहे: पहिले बरेचसे साक्षीच्या घडणीतले, दुसरे त्या घडणीतून निसटलेल्या आयुष्याविषयीचे. गाणी ऐकण्यापूर्वी पुस्तके वाचू नयेत असे माझे मत आहे. लेखकाने स्वतः लावलेला अर्थ आधी डोक्यात बसला की कान आळशी होतात.

सुरुवात मधून करावी

पहिल्या अल्बमपासून क्रमाने ऐकण्याचा मोह सोडावा. प्रारंभ १० मे २०१२ रोजी आलेल्या ‘चर्च क्लोद्स’ या मिक्सटेपपासून करावा. (विक्रीसाठी काढलेली छोटी आवृत्ती नव्हे, तर पूर्ण मिक्सटेप मिळवावी.)

याचे कारण असे, की या मिक्सटेपमध्ये श्रोता प्रथमच उघडपणे बदललेला दिसतो. मिक्सटेप हा रस्त्यावरच्या हिप-हॉपचा प्रकार आहे. तो फुकट वाटला जातो, त्यावर एखाद्या नामवंत डीजेचा शिक्का असतो आणि त्यातून रॅपर आपली लायकी समव्यवसायिकांपुढे सिद्ध करतो. लक्रेने त्यासाठी डॉन कॅननला सोबत घेतले, जो चर्चच्या वर्तुळातला नसून मुख्य प्रवाहातील मिक्सटेपविश्वातला मोठा माणूस होता. डॅटपिफ या संकेतस्थळावर ती मोफत ठेवण्यात आली आणि अठ्ठेचाळीस तासांच्या आत एक लाखांहून अधिक वेळा उतरवून घेतली गेली. त्याआधी २०११ मध्ये बी.ई.टी. वाहिनीच्या हिप-हॉप पुरस्कारांच्या सायफरमध्ये, म्हणजे रॅपरांनी वर्तुळात उभे राहून एकामागून एक आपले कडवे म्हणण्याच्या कार्यक्रमात, त्याने आपली चुणूक दाखवली होती. मिक्सटेप हे त्याच्या पुढचे पाऊल होते.

शीर्षकगीत दोनदा ऐकावे. पहिल्या वेळी त्यातला चर्चवरचा राग ऐकू येतो: दिखाऊपणा, ढोंग, चांगल्या कपड्यांखाली झाकलेली घाण. दुसऱ्या वेळी लक्षात येते, की चर्चच्या ढोंगाचे निमित्त करून देवापासून पळणाऱ्या माणसालाही त्यात बोचकारे काढलेले आहेत. एका गाण्यात दोन्ही बाजूंच्या श्रोत्यांना समोर बसवून दोघांनाही अस्वस्थ करणे, हे लक्रेचे खरे कसब आहे, आणि ते इथे प्रथम पूर्णपणे हाती आलेले दिसते. याच मिक्सटेपमध्ये क्लिप्स या जोडगोळीतील नो मॅलिस पाहुणा म्हणून येतो. अमली पदार्थांच्या धंद्यावरील गाण्यांसाठी गाजलेला आणि नंतर ख्रिस्ताकडे वळलेला हा रॅपर त्या जागी असणे, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

मग मागे जावे

‘चर्च क्लोद्स’ कानात मुरल्यावर २००४ कडे परतावे. त्या वर्षी लक्रे आणि बेन वॉशर यांनी मिळून रीच रेकॉर्ड्स ही कंपनी सुरू केली आणि ‘रिअल टॉक’ हा पहिला अल्बम काढला. त्याची ध्वनिमुद्रणाची प्रत साधी आहे, ठेके काही ठिकाणी उसने वाटतात, आणि खरे सांगायचे तर हा अल्बम पूर्ण ऐकण्याची सक्ती स्वतःवर करू नये. तीन-चार गाणी पुरेत. २००६ चा ‘आफ्टर द म्युझिक स्टॉप्स’ मात्र टाळू नये. त्यात ‘प्रेइंग फॉर यू’ नावाचे एक गाणे आहे, ज्यात तो आध्यात्मिक ओलावा गमावलेल्या एका मित्रासाठी प्रार्थना करीत राहतो आणि शेवटी तो मित्र म्हणजे तो स्वतःच असल्याचे उघड होते. या काळात लक्रे चर्चच्या आत उभा राहून चर्चमधल्याच लोकांशी बोलतो आहे, आणि या गाण्यात तर तो त्याहूनही आत, स्वतःशी.

२००८ चा ‘रेबेल’ हा या टप्प्याचा कळस होय. खपाच्या याद्या देणाऱ्या बिलबोर्ड या नियतकालिकाच्या गॉस्पेल अल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेला तो पहिला हिप-हॉप अल्बम. त्यातील ‘डोन्ट वेस्ट युअर लाइफ’ हे गाणे ऐकताना एक संदर्भ माहीत असावा: मिनेसोटातील पाळक व लेखक जॉन पायपर यांच्या २००३ मधल्या पुस्तकाचे तेच नाव आहे. त्या दशकात अमेरिकेतील तरुण इव्हँजेलिकलांमध्ये कॅल्व्हिनवादी, म्हणजे देवाचे सार्वभौमत्व सर्वोच्च मानणाऱ्या विचारांची एक लाट आली होती, आणि सिद्धांताने ठासून भरलेला रॅप हे त्या लाटेचे एक आवडते माध्यम झाले. फिलाडेल्फियात लॅम्पमोडसारख्या छोट्या कंपन्या त्याच वाटेवर होत्या. परिणामी, गरीब वस्त्यांत वाढलेल्या कृष्णवर्णीय रॅपरचा श्रोतृवर्ग पाहता पाहता मोठ्या प्रमाणात उपनगरी, गोरा आणि चर्चच्या युवागटांतून आलेला असा बनला. पुढचे सारे नाट्य याच विसंगतीतून घडलेले आहे, म्हणून ‘रेबेल’ ऐकताना त्यातील विचारांइतकेच, ते कोणाला आवडत होते, याकडेही लक्ष द्यावे.

२०१० च्या ‘रिहॅब’मध्ये आवाज मोकळा होतो आणि निर्मितीचा दर्जा एकदम उंचावतो. ‘जस्ट लाइक यू’ हे नसलेल्या वडिलांना उद्देशून असलेले गाणे इथले सर्वात टिकाऊ काम आहे. बापाचे अनुकरण करायला बापच नव्हता, म्हणून मामा-काका आणि रस्त्यावरची माणसे यांचे अनुकरण केले, असा त्याचा ओघ असून उपदेशाचा सूर त्यात फार उशिरा येतो.

जिज्ञासूंनी इथेच थांबून या प्रकाराचे पूर्वज थोडक्यात ऐकून घ्यावेत. स्टीफन वायली याने १९८५ मध्ये बायबलमधल्या पुस्तकांची ओळख रॅपमधून करून देणारी कॅसेट काढली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस लिबर्टी विद्यापीठातून डी.सी. टॉक हे त्रिकूट पुढे आले, जे नंतर रॉककडे झुकले. आणि नव्वदच्या दशकात फिलाडेल्फियाच्या ‘द क्रॉस मूव्हमेंट’ने खऱ्या हिप-हॉपच्या कसोटीला उतरणारे ख्रिस्ती रॅप दिले. एक-एक गाणे ऐकले तरी लक्रेने काय घेतले आणि काय सोडले हे समजते. धर्मप्रसारासाठी लोकांच्या ओठांवरचा काव्यप्रकार उचलण्याची गोष्ट मराठी वाचकाला अपरिचित नाही: फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये गोव्यातील राचोलहून ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापले आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग व कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले. साम्य इथवरच आहे. ओवी आणि अभंग यांना आधीपासूनच भक्तीची प्रतिष्ठा होती. हिप-हॉपला अमेरिकन चर्चमध्ये ती मुळीच नव्हती, आणि काही पाळक तर या संगीतप्रकारालाच अपवित्र ठरवीत होते. त्यामुळे पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती रॅपरांची निम्मी शक्ती आपल्या माध्यमाचे समर्थन करण्यातच खर्च झाली.

पुरस्कार आणि याद्या कशा वाचाव्यात

‘ग्रॅव्हिटी’ सप्टेंबर २०१२ मध्ये आला, पहिल्या आठवड्यात त्याच्या सुमारे ७२,००० प्रती खपल्या आणि बिलबोर्ड २०० या सर्व प्रकारच्या अल्बमांच्या यादीत तो तिसऱ्या क्रमांकावर उतरला. २०१३ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट गॉस्पेल अल्बमचे ग्रॅमी मिळाले. हिप-हॉप कलावंताला हा पुरस्कार मिळण्याची ती पहिली वेळ होती. एवढे वाचून पुढे जाणे सोपे आहे, पण जरा थांबून कप्पा कोणता होता ते पाहावे. ग्रॅमीत त्याच्या आधी काही वर्षे रॉक व रॅप गॉस्पेलसाठी स्वतंत्र विभाग होता. तो पुनर्रचनेत रद्द झाला, म्हणून ‘ग्रॅव्हिटी’ला पारंपरिक गायकवृंदांच्या शेजारी बसावे लागले, आणि तरीही तो जिंकला. २०१५ मध्ये ‘मेसेंजर्स’ या गाण्याला ग्रॅमी मिळाले, ते मात्र समकालीन ख्रिस्ती संगीताच्या विभागात. अमेरिकेत गॉस्पेल म्हणजे स्थूलमानाने कृष्णवर्णीय चर्चचे संगीत आणि समकालीन ख्रिस्ती संगीत म्हणजे बहुतांशी गोऱ्यांच्या चर्चचे, अशी एक न बोललेली विभागणी चालत आली आहे. एकच माणूस दोन वर्षांच्या अंतराने दोन्ही कप्प्यांत जिंकतो, यात त्याच्या गुणवत्तेइतकीच कप्पे पाडणाऱ्यांची अडचणही दिसते. स्वतः लक्रेची भूमिका अशी, की ‘ख्रिस्ती’ हे त्याच्या संगीताला लावायचे विशेषण नसून तो माणूस म्हणून काय आहे त्याचे नाव आहे.

‘अ‍ॅनॉमली’ ९ सप्टेंबर २०१४ रोजी आला आणि सुमारे ८८,००० प्रतींसह बिलबोर्ड २०० मध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचला. सर्वसाधारण यादी आणि गॉस्पेल यादी या दोन्हींच्या शिखरावर एकाच वेळी असलेला हा पहिला अल्बम. त्यानंतर जिमी फॅलनच्या रात्रीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात तो द रूट्स या वाद्यवृंदाबरोबर झळकला. ‘अ‍ॅनॉमली’ सलग ऐकावा, आणि ‘वेलकम टू अमेरिका’पाशी गाणे मागे घेऊन पुन्हा लावावे. एकाच देशाकडे तीन निराळ्या जागांवरून पाहणारी तीन कडवी त्यात आहेत: इथल्याच वस्तीत वाढलेला तरुण, युद्धावरून परतलेला सैनिक आणि अमेरिकेत येऊ पाहणारा परदेशी. तिघांनाही देशाने काय दिले, याचे उत्तर श्रोत्याने स्वतः द्यायचे आहे.

२०१४ ते २०१७: या टप्प्यावर घाई करू नये

‘अ‍ॅनॉमली’च्या बरोबर एक महिना आधी, ९ ऑगस्ट २०१४ रोजी, मिसूरी राज्यातील फर्ग्युसन येथे मायकल ब्राउन हा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मारला गेला आणि देशभर निदर्शने उसळली. लक्रे त्याविषयी जाहीरपणे बोलू लागला. ज्या श्रोत्यांनी पाप, पश्चात्ताप आणि कृपा यांवरची त्याची गाणी डोक्यावर घेतली होती, त्यांच्यापैकी अनेकांना हे ‘राजकारण’ वाटले. सुवार्ता सांगायची सोडून हा फूट पाडतो आहे, असा आरोप सुरू झाला. ४ जुलै २०१६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, त्याने कापसाच्या शेतात राबणाऱ्या गुलामांचे छायाचित्र ट्विटरवर टाकले आणि १७७६ च्या त्या दिवशी आपले कुटुंब असे होते, अशा आशयाची ओळ खाली लिहिली. त्यावर जे काहूर उठले, त्यात जुने चाहते आघाडीवर होते. २०१७ मध्ये एका पॉडकास्टवर त्याने गोऱ्या इव्हँजेलिकल जगाशी आपला घटस्फोट झाल्याची भाषा वापरली, तेव्हा जॉन पायपर यांनी त्यावर जाहीर लेख लिहून प्रतिसाद दिला. ‘रेबेल’मधील ते गाणे आणि हा लेख यांच्यामध्ये जेमतेम नऊ वर्षांचे अंतर आहे, हे अंतर डोळ्यांसमोर ठेवून ‘डोन्ट वेस्ट युअर लाइफ’ पुन्हा ऐकावे.

त्यानंतरच ‘ऑल थिंग्ज वर्क टुगेदर’ लावावा. २०१६ मध्ये रीच रेकॉर्ड्सने कोलंबिया या बड्या कंपनीशी करार केला होता, त्यामुळे सप्टेंबर २०१७ च्या या अल्बमची निर्मिती चकचकीत आहे. ट्रॅप या दक्षिणेकडच्या हिप-हॉप उपप्रकाराचे खर्जातले घुमणारे ठेके, टाय डोला साइनसारखे पाहुणे. पण त्याखालचा सूर थकलेल्या माणसाचा आहे. ‘फॅक्ट्स’मध्ये तो चर्चमधील टीकाकारांना थेट उत्तर देतो, आणि टोरी केली हिच्याबरोबरच्या ‘आय विल फाइंड यू’मध्ये आजारी, खचलेल्या माणसाच्या उशाशी बसल्यासारखा बोलतो. या काळात तो नैराश्यातून जात होता आणि त्याची श्रद्धाही डळमळली होती, हे नंतर त्याने सांगितले. सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात हे वचन अशा वेळी शीर्षक म्हणून निवडणारा माणूस विजयाची घोषणा करीत नसून स्वतःला धीर देत असतो, असे मला वाटते. समीक्षेच्या दृष्टीने हा त्याचा सर्वोत्तम अल्बम नाही. काही गाणी रेडिओसाठी घासूनपुसून गुळगुळीत केलेली आहेत. परंतु श्रोता कोण, हा प्रश्न इथे सर्वाधिक टोकदार होतो, कारण जुना श्रोता निघून चालला आहे आणि नवा अजून पुरता आलेला नाही, अशा मधल्या रिकाम्या जागेतून तो बोलतो आहे.

शेवटचा टप्पा

यानंतरचे काम वेगाने ऐकले तरी चालेल. २०१८ मध्ये अटलांटाचा निर्माता झेटोव्हन याच्याबरोबर केलेला ‘लेट द ट्रॅप से आमेन’ हा ट्रॅप संगीताच्या घरात जाऊन, त्याच्याच पियानोवर बेतलेला प्रयोग आहे. झेटोव्हन स्वतः चर्चमध्ये ऑर्गन वाजवत वाढलेला असल्यामुळे हा प्रयोग परका वाटत नाही. २०२० चा ‘रिस्टोरेशन’ आणि त्याच नावाशी जोडलेले पुस्तक हे दुखण्यातून उठलेल्या माणसाचे आहेत. त्यात जॉन लेजंडबरोबरचे ‘ड्राउन’ अवश्य ऐकावे.

२०२२ च्या ‘चर्च क्लोद्स ४’साठी मात्र पुन्हा सावकाश व्हावे. दहा वर्षांपूर्वीच्या मिक्सटेपचे नाव घेऊन आलेल्या या अल्बममध्ये ‘डिकन्स्ट्रक्शन’ नावाचे गाणे आहे आणि त्यात श्रद्धा ढासळण्याची व पुन्हा उभी राहण्याची हकीकत आहे. आता तो ना चर्चच्या युवागटाशी बोलतो, ना रस्त्यावरच्या हिप-हॉप रसिकांशी. चर्चमध्ये जखमी होऊन बाहेर पडलेल्या लोकांशी बोलतो. २०२४ मध्ये या अल्बमला समकालीन ख्रिस्ती संगीताच्या अल्बमचे ग्रॅमी मिळाले आणि टाशा कॉब्स लेनर्ड हिच्यासोबतच्या ‘युअर पॉवर’ या गाण्यालाही त्याच क्षेत्रातील दुसरे. ज्या कप्प्यातील प्रेक्षकांशी त्याचे सर्वाधिक बिनसले होते, त्याच कप्प्यात त्याचा असा गौरव व्हावा, ही गोष्ट गमतीची आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुख्य प्रवाहातील नामवंत रॅपर केंड्रिक लमार याने एका गाण्यात लक्रेचे नाव घेऊन, अशा प्रसंगी तो काय करील, असा प्रश्न स्वतःला विचारला. लक्रेने त्याला गाण्यानेच उत्तर दिले. ही दोन्ही गाणी लागोपाठ ऐकावीत, आधी लमारचे.

एवढे झाल्यावर ज्यांना पुढे जायचे असेल त्यांनी ‘वन-वन-सिक्स’मधल्या इतरांकडे वळावे. विचारांची स्पष्टता हवी असल्यास ट्रिप ली, निव्वळ शब्दकौशल्य हवे असल्यास अँडी मिनिओ, आणि रीच रेकॉर्ड्सने करारबद्ध केलेली पहिली स्त्री रॅपर म्हणून नव्या पिढीचा आवाज ऐकायचा असल्यास वांडे. शो बराकाचा २०१६ मधला ‘द नॅरेटिव्ह’ शेवटी ठेवावा. गट सोडून गेलेल्या या कलावंताचा तो अल्बम एका गाण्यातील शरीरावयवाच्या एका शब्दावरून ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांच्या एका मोठ्या साखळीने फळीवरून काढून टाकला होता. तो शब्द ज्या ओळीत येतो, तिथे बराका आपल्याच तरुणपणीच्या असुरक्षिततेची आणि वासनेची कबुली देतो आहे, हे गाण्याचे शब्द समोर ठेवून ऐकणाऱ्याला चटकन कळते.